दुसऱ्या वळणावरची माती

माझ्या मुलाला ग्रोंडोव्होत आजही चहाडखोर म्हणतात. सलूनमध्ये म्हणतात, बेकरीच्या रांगेत म्हणतात, चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा म्हणतात. माझ्या तोंडावर नाही, मी पाठ फिरवली की. ज्यांनी त्या रविवारी गळ्यात क्लबचा मफलर घालून माझ्या पोराला शिट्ट्या मारल्या, त्यांच्यातल्या एकानेही मला आजवर चकार शब्द ऐकवलेला नाही. आमच्याकडे मैदानात शिट्टी मारणं म्हणजे शिवी देणं. ती शिवी माझ्या वाट्याची होती आणि ती खाल्ली त्याने. म्हणून हे सांगतोय.

मी इरेक श्पुनार. सव्वीस वर्षं ग्रोंडोव्हो क्लबच्या स्पीडवे ट्रॅकची माती मी राखली. ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, सपाटीकरणाची फळी, रोलर, सगळं माझ्या ताब्यात. या खेळात मोटरसायकलला ब्रेक नसतो आणि गिअर एकच. चार गडी, चार चक्करा, आणि वळण कायम डावीकडे. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, डावा पाय जमिनीला टेकवायचा आणि घसरत घसरतच पुढे जायचं. माती घट्ट असेल तर एक गणित, भुसभुशीत असेल तर दुसरं. आमची माती म्हणजे ग्रॅनाइटचा लालसर चुरा. त्यात पाणी किती आणि कुठे मारायचं, हे मला जेवढं कळत होतं तेवढं या भागात कुणाला कळत नव्हतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. आता त्याची बढाई मारण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझा मुलगा फाबियान बारा वर्षांचा असताना क्लबच्या शाळेत गेला. त्याच आठवड्यात निकोदेम त्रुश आला. तो अकरा किलोमीटरवरच्या खेड्यातून बसने यायचा. त्याची आई व्हियोलेता कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर काम करायची, बाप जर्मनीला गेला तो तिकडचाच झाला. शनिवारी शेवटची बस चुकली की निको आमच्याकडे राहायचा. पुढे पुढे बस चुकायची वाट बघणंही त्याने सोडलं, शनिवार म्हणजे आमचं घर हे ठरूनच गेलं. माझी बायको बर्नादेता शिवणकाम करते. दोघांचे शर्यतीचे पोशाख तिनेच शिवले, गुडघ्यांना आणि कोपरांना दुहेरी अस्तर लावून. डाव्या बुटाखालचे पोलादी तळ मी वेल्डिंग करून दिले, दोघांनाही एकसारखे.

दोन पोरांचे स्वभाव अगदी उलटे. फाबियान कमी बोलायचा आणि पटकन तापायचा. हरला तर जेवायचा नाही. निको हरला तर स्वतःच्या हरण्याची नक्कल करून दाखवायचा, कुठे घसरला, चेहरा कसा झाला, प्रशिक्षक कुर्पिश सर कसे कपाळावर हात मारत होते. फाबियानला हसवू शकणारा जगात तेवढा एकच माणूस. सोळाव्या वर्षी लायसन्सची परीक्षा एकाच दिवशी झाली. फाबियान पहिल्या झटक्यात पास झाला. निको सुरुवातीलाच आपटला, उठला, परत बसला आणि उरलेली परीक्षा त्याने मोडक्या बोटाने दिली. सुजलेली करंगळी घरी आल्यावर बर्नादेताला दिसली तेव्हा आम्हाला कळलं.

नियमाप्रमाणे प्रत्येक संघात दोन पोरं एकवीस वर्षांच्या आतली लागतात. दोन वर्षांत ती दोन जागा या दोघांच्या झाल्या. गावात दोघांची पोस्टर्स लागली. फाबियान सुरुवात वेगात करायचा, रेषेवर ताणलेली फीत वर गेली की सगळ्यांच्या आधी सुटायचा. निको मागून यायचा, बाहेरून, भिंतीला जवळजवळ खांदा लावून. बघणाऱ्यांना तेच आवडायचं. मीही बाप होतो, माझ्या कानांना ते कळत होतं. टाळ्या निकोला जास्त पडायच्या.

दोघं अठरा वर्षांचे झाले त्या सप्टेंबरात आमचा संघ वरच्या लीगमध्ये जाण्याच्या बेतात होता. उपांत्य फेरीचा पहिला सामना पाहुण्यांच्या गावी झाला आणि आम्ही चौदा गुणांनी हरलो. घरच्या सामन्यात ते चौदा भरून काढायचे होते.

आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, क्लबचे अध्यक्ष स्कोव्हेरा माझ्या शेडमध्ये आले. त्यांचा खिडक्यांचा कारखाना आहे, अर्धं गाव तिथे कामाला. ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून ते बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलले. मग मुद्द्यावर आले. पाहुण्यांचे सगळे चांगले गडी दुसऱ्या वळणावर बाहेरून जातात. तिथली बाहेरची पट्टी खोल नांगरायची, भरपूर पाणी पाजायचं, आणि वरून रोलर फिरवून घट्ट साल आणायची. पंच येऊन टाचेने दाबून बघतात, तेवढ्याला पुरेल इतकीच साल. पहिल्या दोन-तीन शर्यतींत ती फुटेल, पाहुणे अडकतील, वेग जाईल, तेवढंच. आपल्या मोठ्या गड्यांना कुर्पिश सांगणार होते. पोरांना सांगायचं नव्हतं, पोरं कॅमेऱ्यासमोर काहीही बरळतात.

मी म्हणालो की हे धोक्याचं आहे. स्कोव्हेरा म्हणाले, "इरेक, धोका कुठे नाही? तू फक्त तुझं काम कर, बाकीचं माझ्यावर सोड."

आणि मी माझं काम केलं. उत्तम केलं. चार वाजता ताडपत्री घातली तेव्हा त्या वळणावरून मुंगीलाही शंका आली नसती.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. राष्ट्रीय संघाच्या तरुण गटात एक जागा रिकामी होती, आणि निवड करणारा माणूस त्या रविवारी आमच्या गावात येणार होता. तो फाबियान आणि निको, दोघांनाही बघणार होता. हे मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी बर्नादेता भुर्जी करत होती. निको न्हाणीघरात दाढी करत होता, गाणं म्हणत होता. मी फाबियानजवळ गेलो आणि हळूच म्हणालो की आज दुसऱ्या वळणावर आतल्या कडेला धरून राहा, काही झालं तरी बाहेर जाऊ नकोस. माती राखणाऱ्याच्या पोराला कारण सांगावं लागत नाही. त्याने एवढंच विचारलं, "निकोला सांगितलंस?"

मी म्हणालो, "हो."

का म्हणालो? मी स्वतःला हजार वेळा सांगितलं की स्कोव्हेरांनी मनाई केली होती. मनाई फाबियानबद्दलही होती, ती मी मोडलीच होती. खरं कारण हे की मला वाटलं, निको अडकेल, तिसरा येईल, आणि निवड करणारा माणूस माझ्या मुलाचं नाव लिहील. पोराला काही होईल असं वाटलं नव्हतं. वेग जाईल, तेवढंच, असं वाटलं होतं. स्कोव्हेरांचेच शब्द माझ्या डोक्यात होते.

साडेचारला मैदान गच्च भरलं. लोक सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं पायाशी टाकत होते, हवेत जळक्या मेथॅनॉलचा वास होता. पंचांनी टाच दाबून पाहिली होती आणि सही केली होती. पहिली शर्यत मोठ्यांची, ती बरोबरीत सुटली, साल टिकली. दुसरी शर्यत नेहमी पोरांची असते. फाबियानच्या डोक्यावर लाल हेल्मेट, निकोच्या निळं, पाहुण्यांच्या पांढरं आणि पिवळं.

फीत वर गेली. फाबियान पुढे सुटला. निको तिसरा होता. पहिल्या चक्करला तो मधूनच गेला, साल नुसती चिरली असावी. दुसऱ्या चक्करला त्याला जागा दिसली, आणि तो नेहमीसारखा बाहेर गेला. मी रोलरजवळ उभा होतो. मागचं चाक सालीतून खाली गेलेलं मी पाहिलं. एखाद्याने खालून धरून ठेवावं तशी मोटरसायकल एक क्षण थांबली, मग चाकाला खालची घट्ट जमीन लागली आणि ती उभी होऊन सुटली. निको हवा भरलेल्या भिंतीवर आदळला, पण भिंतीच्या वरच्या भागावर नाही, तिच्या खाली घुसला. मोटरसायकल त्याच्या मागून गेली.

लाल दिवे लागले. सगळे थांबले. डॉक्टरांची गाडी आली. बर्नादेताने शिवलेला पोशाख त्यांनी कात्रीने कापला. निकोला मान हलवू देत नव्हते. त्याने फाबियानला बघून विचारलं की पाहुण्यांचा पांढरा हेल्मेटवाला पुढे गेला का. मग विचारलं की माझे बूट कुणी काढले. बूट पायातच होते.

नियम असा आहे की ज्याच्यामुळे शर्यत थांबते तो बाद होतो आणि उरलेले तिघे शर्यत पुन्हा धावतात. पंचांच्या खोलीवर त्याच्या हेल्मेटच्या रंगाचा दिवा लागतो. निको अजून स्ट्रेचरवर होता आणि तिथे निळा दिवा लागला. ध्वनिक्षेपकावरून सांगितलं गेलं, निकोदेम त्रुश, पडण्यास स्वतः जबाबदार, बाद.

गाडी गेली. स्कोव्हेरा माझ्या शेजारी येऊन दात न उघडता म्हणाले की फळी फिरव, त्या वळणावर दोनदा. मी ट्रॅक्टरवर चढलो. हो, चढलो. पण किल्ली फिरवायच्या आत फाबियान बाहेर आला होता. पुन्हा शर्यतीसाठी दोन मिनिटं असतात. तो सुरुवातीच्या रेषेकडे गेला नाही. सरळ दुसऱ्या वळणावर गेला, इंजिन बंद केलं, मोटरसायकल आडवी टाकली आणि बाहेरच्या पट्टीवर गुडघे टेकले. हातमोजा काढला. आधी बोटांनी साल उचकटली, मग हात घातला. मनगटापर्यंत गेला. त्याने तो चिखल मुठीत धरून वर काढला आणि तसाच उभा राहिला, हात पुढे करून, कॅमेऱ्याकडे नाही, लोकांकडे नाही. माझ्याकडे.

मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि पाठोपाठ नऊ हजार माणसांनी. लोकांना वाटलं पोरगा घाबरला, किंवा विकला गेला. कुर्पिश सर धावत गेले आणि त्याला दंडाला धरून ओढू लागले. त्याने दंड सोडवून घेतला आणि दुसऱ्या हातानेही उकरायला सुरुवात केली. पंच खाली उतरले. त्यांनी त्याच ठिकाणी बूट रोवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. वीस मिनिटांनी सामना रद्द झाला आणि पाहुण्यांना बहाल केला गेला. वरची लीग गेली.

संध्याकाळी फाबियान घरी आला. हात अजून लाल होते. आईच्या देखत तो मला म्हणाला, "मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

जन्मात कधी त्याने मला अहो-जाहो केलं नव्हतं. त्या दिवसापासून केलं, ते आजतागायत. मी काहीतरी पुटपुटलो, स्कोव्हेरा, नोकरी, मनाई. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "नोकरीचं मला सांगू नका. तो न्हाणीघरात होता. चार पावलांवर. तुम्ही ती चार पावलं गेला नाहीत."

बर्नादेताच्या हातातली ताटली फुटली नाही, काही नाही. तिने ती नीट खाली ठेवली आणि त्या रात्रीपासून माझं अंथरूण बैठकीत आलं.

निकोच्या पाठीचा कणा खालून तुटला होता. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी व्हियोलेताला बाजूला घेऊन सांगितलं की चालणं विसरा. मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभी होती. तिने माझं सगळं ऐकण्याआधीच सांगितलं की आत जायचं नाही. मी काय केलं होतं ते तिला काही ठाऊक नव्हतं तेव्हा. माझा चेहराच तिला पुरला असावा.

क्लबने पत्रक काढलं. पावसाचं पाणी ताडपत्रीखाली शिरलं, दुर्दैवी घटना, तरुण गड्याचा अननुभव. फाबियानला शर्यत नाकारल्याबद्दल निलंबित केलं. लीगच्या समितीने चौकशी लावली. समितीपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी स्कोव्हेरांनी मला कारखान्यात बोलावलं. बसायला खुर्ची दिली, कॉफी मागवली. ते म्हणाले की फाबियानचा करार आणखी एक हंगाम आमच्याकडे आहे, आम्ही सोडलं नाही तर तो कुठेही धावू शकत नाही, आणि एक हंगाम न धावलेल्या पोराला कुणी विचारत नाही. तू पावसाचं सांग. पोराचं भविष्य तुझ्या हातात आहे.

आणि मी पावसाचं सांगितलं. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याच्या बाटल्या. शनिवारी दुपारी सरी आल्या, मी ताडपत्री नीट ओढली नसेल, असं मी सांगितलं. आपल्या पोरासाठी सांगतोय असं स्वतःला पटवून सांगितलं.

पुढच्या बैठकीत समितीने फाबियानला बोलावलं. मीही तिथेच बसलो होतो, स्कोव्हेरा वकिलासह समोर. फाबियानने निळा स्वेटर घातला होता, आईने विणलेला. त्याला विचारलं की माती खराब आहे हे तुला कसं समजलं. तो म्हणाला की सकाळी घरी मला सावध केलं गेलं होतं. कुणी केलं? त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "ट्रॅकचे कर्मचारी श्पुनार यांनी."

अध्यक्षस्थानी बसलेल्या म्हाताऱ्याने चष्मा काढून मला विचारलं की तुमचा मुलगा खरं बोलतोय का.

दोन वाटा होत्या. एका वाटेवर माझा मुलगा खोटारडा ठरत होता. मी म्हणालो, "खरं बोलतोय. आणि मी त्याला अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या पोराला सांगितलं असं मी त्याच्याशी खोटं बोललो." मग नांगरण्यापासून सालीपर्यंत सगळं सांगितलं. स्कोव्हेरांनी कुठे हात ठेवला होता, कुठल्या चाकावर, तेही सांगितलं.

वकील शांतपणे उठला. अध्यक्षांनी असा हुकूम दिल्याचा एक तरी कागद, एक तरी साक्षीदार आहे का, असं त्याने विचारलं. कुर्पिश सरांना बोलावलं. सव्वीस वर्षांपैकी अठरा वर्षं त्या माणसाने माझ्या थर्मासमधला चहा प्यायला होता. तो म्हणाला की मला काही माहीत नाही, मी गड्यांना नेहमीच सांभाळून धावा म्हणतो.

निकाल आला. मला कुठल्याही ट्रॅकवर काम करायला आयुष्यभर बंदी. स्कोव्हेरांना देखरेखीत हलगर्जी केल्याबद्दल एक वर्षाची बंदी. क्लबला दंड. कुर्पिश सरांना काही नाही. एक वर्ष. निकोच्या पायांचं मोल त्या टेबलावर एक वर्ष ठरलं, आणि ते वर्ष स्कोव्हेरांनी भाच्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवून काढलं.

माझी शिक्षा योग्य होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. मी आता वाळूच्या खाणीत लोडर चालवतो.

स्कोव्हेरांनी शब्द पाळला, तेवढा एकच पाळला. फाबियानचा करार सोडला नाही. एकोणिसावं वर्ष, जेव्हा गड्याचा वेग सगळ्यात वाढतो ते वर्ष, माझा मुलगा टायरच्या दुकानात पंक्चर काढत होता. दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने चहाडखोर लिहिलं. मालकाने पुसायला डबा आणला तर फाबियान म्हणाला राहू द्या, गिऱ्हाइकांना पत्ता सापडायला बरं. तो कुणाशी भांडायचा नाही आता, पण नट असे आवळायचा की ते पुन्हा उघडायला दोन माणसं लागायची.

दर बुधवारी तो निकोकडे जायचा. खेड्यातल्या घराला व्हियोलेताच्या भावाने उतार बांधला होता. एका बुधवारी, मार्चमध्ये, काय झालं ते मला बर्नादेताने सांगितलं, ती त्या दिवशी निकोची पँट आखूड करून द्यायला बरोबर गेली होती. फाबियान म्हणाला की करार संपला तरी मी परत धावणार नाही. मोटरसायकल विकून टाकतो. निको बटाट्याचं धिरडं खात होता. त्याने ताटली इतक्या जोरात ढकलली की ती भिंतीवर गेली.

"माझ्या नावावर घरी बसायचं नाही," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं का बस म्हणून? माझे पाय गेले ते तुझ्या बापामुळे आणि त्या खिडकीवाल्यामुळे. तू सोडलंस तर ते तुझ्यामुळे. माझ्या डोक्यावर ते ओझं टाकू नकोस, मला आधीच ही खुर्ची ढकलावी लागते."

फाबियान म्हणाला की तुला काय कळतंय, मला प्रत्येक वळणावर तूच दिसशील.

"मग दिसू दे ना. मी देखणा आहे."

बर्नादेता म्हणाली की यावर कुणी हसलं नाही. निकोसुद्धा नाही. थोड्या वेळाने फाबियानने खाली बसून धिरड्याचे तुकडे गोळा केले आणि विचारलं की इंजिन कुणाकडून दुरुस्त करून घेऊ. निकोने एक नाव सांगितलं आणि म्हणाला की तो महागडा आहे पण खोटं बोलत नाही.

हंगाम संपला, करार संपला. उत्तरेकडच्या एका छोट्या क्लबने फाबियानला घेतलं. त्यांचं मैदान आमच्या अर्ध्याएवढं, प्रेक्षक पाव. पहिल्या सामन्यांत तो शेवटचा यायचा. वळण आलं की थ्रॉटलवरचा हात आपोआप ढिला पडायचा, असं त्याने आईला सांगितलं. निको प्रत्येक सामन्याला जायचा, व्हॅनमधून, आणि नंतर शिव्या घालायचा. मे महिन्यापासून दोन गुण यायला लागले, मग पाच, मग नऊ. व्हॅन चालवायला माणूस लागत होता. बर्नादेताला चालवता येत नाही. एका रविवारी तिने माझ्यासमोर किल्ली ठेवली आणि कोट घालायला गेली. तेव्हापासून मी चालवतो. निको माझ्याशी रस्त्याबद्दल बोलतो, पेट्रोलबद्दल बोलतो. एकदा म्हणाला, "काका, मी तुम्हाला माफ केलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. इथून उजवीकडे."

मी उजवीकडे वळलो.

जुलैत त्यांचा सामना ग्रोंडोव्होत लागला. स्कोव्हेरांची बंदी संपून ते मैदानावरच्या अध्यक्षांच्या काचेच्या खोलीत परतले होते. मला आत जायला बंदी नाही, फक्त कामाला आहे, म्हणून मी तिकीट काढून पाहुण्यांच्या बाजूला बसलो. फाबियान ट्रॅकवर येताच शिट्ट्या सुरू झाल्या. माझ्या मागच्या बाईने टरफलं माझ्या मानेवर थुंकली. मी मान पुसली.

पोरांची शर्यत त्याने पहिल्या नंबरने जिंकली. शिट्ट्या वाढल्या. त्याने हात वर केला नाही, हेल्मेट काढलं नाही. चौथ्या शर्यतीत आमच्या क्लबच्या नव्या पोराने त्याला दुसऱ्या वळणावर बाहेर ढकललं, अगदी भिंतीकडे. मी उभा राहिलो. मला वाटलं तो हात ढिला सोडणार. त्याने सोडला नाही. भिंतीला घासून, पूर्ण वेगात, तो बाहेरून निघून गेला, आणि मैदानाचा अर्धा भाग शिट्टी मारायचं विसरला. तेराव्या शर्यतीत मात्र तो सुरुवातीला झोपला आणि शेवटचा आला. सामना त्यांचा संघ सहा गुणांनी हरला.

नंतर गॅरेजांच्या मागे मी व्हॅन लावून उभा होतो. निको खुर्चीत बसून मोहरी लावलेला सॉसेज खात होता आणि तेराव्या शर्यतीवरून फाबियानला झोडपत होता, क्लच कसा सोडलास, म्हातारीसारखा सोडलास. तेवढ्यात स्कोव्हेरा आले. बरोबर दोन फोटोवाले. त्यांनी हात पुढे केला आणि मोठ्याने म्हणाले की मागचं मागे पडलं, ग्रोंडोव्होची दारं तुला उघडी आहेत.

फाबियान तोंडावरची लाल माती पुसत होता. "आधी त्याच्याशी हात मिळवा," तो म्हणाला.

स्कोव्हेरा निकोकडे वळले. निकोने दोन्ही हातांनी सॉसेज धरला होता. त्याने एक घास तोडला, सावकाश चावला, गिळला. "माझं जेवण चाललंय," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

हात हवेत राहिला. फोटोवाल्यांपैकी एकाने फोटो काढला, दुसऱ्याने कॅमेरा खाली केला. स्कोव्हेरांनी हात खिशात घातला, माझ्याकडे पाहिलं, जणू मी अजून त्यांचा माणूस आहे आणि मी काहीतरी करावं. त्या माणसाचं थोबाड फोडावं असं मला मनापासून वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की माझ्या हाताला तेवढा अधिकार उरलेला नाही. ते निघून गेले.

"गाडी मागे घ्या," फाबियान मला म्हणाला. "फळी टेकवायचीय. याला चढवायचंय."

मी व्हॅनमध्ये चढलो, आरशात बघत सावकाश मागे घेतली. फाबियानने फळी टाकली, खुर्ची ढकलली, पट्टे आवळले. बाहेर निको अजून बोलत होता, की तेराव्या शर्यतीत आधी क्लचवरचा डावा हात बघ, मग फीत बघ, किती वेळा सांगायचं.